सत्त्याण्णव मार्कांची फ्रेंच

चारुता बेहेरेला कॅनडाचं वर्क परमिट मिळालं. व्यवसाय: स्वयंपाकी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या बेतात असताना ईमेल आली.

आता हे आपण वाचलंच नाही असं धरून चालू या. गोष्ट सुरू होते जानेवारीत, आणि जानेवारीत खुद्द चारुतालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याआधी आपल्याला ठाऊक असणं बरं दिसत नाही. तर, परमिट मिळालेलं नाही, ईमेल आलेली नाही, कुकर अजून थंड आहे.

चारुता रेडमंडला राहायची. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेलं, मग तिथल्याच एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये पाच वर्षं काढलेली, आणि मग अनिशशी लग्न. अनिश सॉफ्टवेअरमधला. त्याच्या व्हिसावर टेकून चारुताचा व्हिसा. या व्हिसावर अमेरिकेत श्वास घेता येतो, गाडी चालवता येते, कॉस्टकोत रांगेत उभं राहता येतं, फक्त पगार घेऊन काम करता येत नाही. ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकली की तिलाही कामाची परवानगी मिळणार होती. फाइल सरकायच्या बेतात असतानाच अनिशचा ले-ऑफ झाला, नवी नोकरी लागली आणि फाइल पुन्हा पहिल्या पानावर आली. असं सहा वर्षांत दोनदा झालं.

म्हणजे चारुता स्वयंपाक करत नव्हती असं नाही. मंडळाच्या गणपतीला साडेतीनशे उकडीचे मोदक तिचे. दिवाळी पहाटेचा फराळ तिचा. कुणाच्या बेबी शॉवरला शंभर माणसांची पावभाजी तिची. मोबदला म्हणून प्रत्येक वेळी एकच वाक्य मिळायचं, "चारुता, तू ना, खरंच रेस्टॉरंट काढायला हवंस!" हे वाक्य ती पहिल्या वर्षी हसून ऐकायची. सहाव्या वर्षी ऐकताना तिच्या हातातला झारा किंचित वर जायचा.

तिच्या चाकूंचा रोल, कॅनव्हासच्या पट्टीत गुंडाळलेले सात चाकू, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पडून होता. सुऱ्या घरात होत्या. पण ते चाकू कामाचे होते आणि काम नव्हतं.

तर जानेवारीत तिला एक जाहिरात दिसली. सीमेपलीकडे, रेडमंडपासून अडीच तासांवर, कॅनडातल्या सरे गावात हरजिंदर पाजींचा ढाबा होता. त्यांचा मुख्य कुक जुलैत गावी परत जाणार होता. जाहिरातीत खाली लिहिलं होतं: फ्रेंच बोलणाऱ्यांना प्राधान्य.

चारुताने व्हिडिओ कॉल लावला. पाजींनी तिच्याकडून कॅमेऱ्यासमोर दोन किलो कांदा चिरून घेतला, दाल मखनीवर तोंडी परीक्षा घेतली आणि खूश झाले.

"बेटा, फ्रेंच आती है?"

"आती है," चारुता म्हणाली. "दसवी में सत्तानबे थे."

"वाह! हमारे यहाँ किसी को नहीं आती."

"मग... फिर चाहिए किसलिए?"

पाजींनी समजावलं. बाहेरचा कुक आणायचा तर मालकाला आधी सिद्ध करावं लागतं की गावात कुणी कुक मिळत नाही. जाहिराती, फॉर्म, महिनेच्या महिने. पण कुकला फ्रेंच येत असेल तर ही सगळी पायरी गळते, कारण क्विबेकबाहेरच्या कॅनडात फ्रेंच बोलणारी माणसं वाढावीत अशी सरकारची इच्छा आहे. थोडक्यात, सरेच्या ढाब्यात फ्रेंचचा प्रसार करायचा आणि त्यासाठी तंदूर सांभाळायचा, अशी ती नोकरी होती.

"जून के एंड तक पेपर आना चाहिए," पाजी म्हणाले. "नहीं तो मेरा कज़िन है, लवली. उसको खाना बनाना नहीं आता. लेकिन उसको पेपर भी नहीं चाहिए."

रात्रीच्या जेवणाला तिने अनिशला सांगितलं. अनिश कोडमधली चूक शोधावी तसा ताटातली भाजी चाळवू लागला.

"म्हणजे तू तिकडे आणि मी इकडे?"

"सोमवार-मंगळवार ढाबा बंद. मी येत जाईन. नाहीतर तू ये."

"आणि एरवी मी काय खाऊ, यार?"

"डाळ-भात शीक."

अनिशने विचार केला. "ऑनलाइन कोर्स असेल."

"असेल."

"मग जा," तो म्हणाला, आणि ताट उचलता उचलता, वेगळ्या आवाजात, "खरंच जा. मोदकांचा फोटो बघून लाइक करणाऱ्या लोकांचा मलाही कंटाळा आलाय."

परीक्षेत दोनच गोष्टी लागत होत्या: ऐकणं आणि बोलणं. लेखन नाही, वाचन नाही. दोन्हीत निदान पाचवी पायरी. चारुताने इंटरनेटवरून नमुन्याची ऑडिओ क्लिप लावली. एक बाई रेल्वे स्टेशनवर काहीतरी सांगत होती. चारुताने पूर्ण ऐकली. पुन्हा ऐकली. तिला 'स्टेशन' हा शब्द कळला, तोही मागून गाडीचा भोंगा वाजला म्हणून.

इथे पुण्यातल्या दहावीबद्दल थोडं सांगायला हवं. चारुताच्या शाळेत फ्रेंच कुणी फ्रेंच येण्यासाठी घेत नसे. फ्रेंच स्कोअरिंग होती. वर्षाला नऊ निबंध पाठ करायचे, त्यातले दोन येणारच. शेजारच्या वर्गात फ्रेंच मुलगी आली असती तर सगळ्या वर्गाने तिला 'माझी खोली' लिहून दाखवली असती आणि नंतर खुणा करून बसायला सांगितलं असतं. चारुताला 'माझी खोली' अजून पाठ होती. टेबल खिडकीपाशी आहे, मांजर टेबलाखाली आहे. पण ती म्हणून दाखवायला गेली की अडखळायची. कागद घेतला की झरझर यायची. तिची फ्रेंच फक्त निळ्या पेनाने चालायची.

"सत्त्याण्णव!" अनिश म्हणाला. "तीन कशात गेले?"

"मांजर टेबलावर ठेवलं होतं."

तिने परीक्षेची तारीख घेतली, मार्चचा शेवटचा शनिवार. मास्तर मात्र मिळेना. क्लासेस होते, पण ते पहिल्या धड्यापासून पेन हातात द्यायचे, आणि पेन हीच तर तिची व्याधी होती.

मास्तरीण भेटली मंडळाच्या हळदीकुंकवाला. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये अडीचशे बायका, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, आणि अडीचशे जणींचा मसालेभात अर्थात चारुताचा. ती भांडी आवरत होती तेव्हा किचनच्या दारात एक पासष्टीची बाई, नऊवारीवर जाड पफर जॅकेट घालून, फोनवर कुणालातरी झाडत होती. फ्रेंचमध्ये. अस्खलित, एकसुरी, श्वास न घेता.

बाईंनी फोन ठेवला, चारुताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, मजला थोडे मीठ द्यावे."

त्या सुवर्णा रामजी. मॉरिशसच्या, कास्काव्हेल गावच्या मराठी. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेलेले. लेकीकडे रेडमंडला राहायला आलेल्या. घरात बोलणं फ्रेंच आणि तिथली क्रिओल बोली, मराठी आजीकडून आणि भजनी मंडळाकडून शिकलेली. त्यामुळे त्या मीठ मागायच्या ते देवाकडे मागावं तसं.

"काकू, तुम्ही फ्रेंच बोलता?"

"माझ्या भावाशी बोलत होते. भांडायचे तर मराठी अपुरी पडते."

हे पुण्याच्या मुलीसमोर म्हणायला धैर्य लागतं. चारुताने ते मनावर घेतलं नाही, कारण ती घाईत होती. तिने तिथेच, हातात कढई असताना, सगळं सांगितलं. परमिट, पाजी, लवली, सत्त्याण्णव.

सुवर्णाकाकूंनी 'सत्त्याण्णव' पुन्हा वदवून घेतलं.

"मजला अठ्ठावीस पडले होते," त्या म्हणाल्या. "पंच्याहत्तर साली. फ्रेंचमध्ये नापास."

"तुम्ही?"

"लिहिण्याचा पेपर होता. बोलण्याचा असता तर मास्तरास मीच नापास केले असते. पुढे शाळा सुटली. कारखान्यात स्वेटर शिवले, तीस वर्षे." एवढं सांगून त्यांनी आपल्या ताटलीतल्या भातावर मीठ टाकलं. "सोमवारी ये. पेन आणू नकोस."

सोमवारपासून रोज सकाळी दहा ते एक, काकूंच्या लेकीच्या घरी. नियम दोन. किचनमध्ये मराठी बंद, आणि पेन दिसलं तर काकू ते पिठाच्या डब्यात खुपसून ठेवत. पहिल्या आठवड्यात पिठात चार पेनं जमा झाली. चारुताचा हात आपोआप पर्सकडे जायचा.

शिकवण्याची पद्धत साधी होती. काकू कुणीतरी व्हायच्या. कधी घरमालकीण, कधी बँक, कधी बस कंपनी. चारुताने काहीतरी मागायचं. काकू म्हणायच्या, "नों." कारण त्यांच्या मते फ्रेंचमध्ये पहिलं उत्तर हेच असतं, खरं बोलणं त्याच्यानंतर सुरू होतं. चारुता पुन्हा मागायची. काकू पुन्हा नाही म्हणायच्या. आणि चारुता थँक यू म्हणून गप्प बसायची.

"दुसऱ्या नकारास कोणी मरते का?" एक वाजून गेला की काकू मराठीत विचारायच्या.

"पण त्या नाही म्हणाल्या ना, मग मी काय करणार?"

"कोण त्या?"

"बस कंपनी."

मग जेवायला बसायचं. जेवताना मराठीला मुभा होती, आणि चारुताची वेगळीच बाई व्हायची. "काकू, अजून एक पुरी. असं काय, एवढीशी तर आहे. बरं, अर्धी. माझ्यासाठी. आवडली नाही का? मग घ्याच." काकू तीनदा नको म्हणायच्या आणि चौथ्यांदा ताट पुढे करायच्या. या दोन बायकांमध्ये काही संबंध आहे हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

फेब्रुवारीत चारुताने स्वतःच एक सराव शोधून काढला. कॅनडातल्या कंपन्यांच्या हेल्पलाइनवर इंग्रजीसाठी एक आणि फ्रेंचसाठी दोन दाबायचं असतं. दोन दाबलं की समोर खरा फ्रेंच माणूस, तोही फुकट, आणि त्याला फोन ठेवायची परवानगी नसते. तिने विमा कंपन्यांना भाव विचारले. हीटर बनवणाऱ्यांना हीटरचं आयुष्य विचारलं. एका फ्रिजच्या कंपनीला तिने तक्रार केली की तिच्या फ्रिजचं दार नीट लागत नाही. हा फ्रिज तिच्याकडे नव्हता. तिने तो कंपनीच्या वेबसाइटवर पसंत केला होता.

पलीकडचा माणूस समजूतदार होता. त्याने विचारलं, गार हवा बाहेर येते का? येते, चारुता म्हणाली. कुठून? खालून. केव्हापासून? इथे तिला 'माझी सुट्टी' या निबंधातलं एक वाक्य उपयोगी पडलं: गेल्या उन्हाळ्यापासून. तो हळहळला. तीही हळहळली. अठरा मिनिटं दोघांनी त्या फ्रिजची काळजी केली, आणि पुढच्या आठवड्यात रेडमंडच्या पत्त्यावर दाराचं एक नवंकोरं रबर आलं, वॉरंटीत.

"हे कसलं?" अनिशने विचारलं.

"आपल्या फ्रिजचं."

"आपल्या फ्रिजला बसत नाही हे."

"आपल्या या फ्रिजचं नाही."

अनिश सॉफ्टवेअरमधला असल्यामुळे नसलेल्या गोष्टींचे सुटे भाग येतात हे त्याला सवयीचं होतं. त्याने रबर खिळ्याला टांगलं. सुवर्णाकाकूंनी ते येऊन पाहिलं, हात लावला आणि म्हणाल्या, "आता तू जाशील."

चारुताने दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन करून सांगितलं की चुकून मागवलं, परत पाठवते. तिकडून उत्तर आलं, ठेवून घ्या, मादाम. हे सगळं फ्रेंचमध्ये झालं आणि तिला सगळं कळलं.

मार्चचा शेवटचा शनिवार. सिअॅटलमध्ये पाऊस. ऐकण्याची परीक्षा कशीबशी पार पडली. स्टेशनवरची बाई तिथेही होती, पण आता ती गाडी उशिरा सुटणार असं म्हणतेय हे चारुताला समजलं. मग बोलण्यासाठी एका लहान खोलीत बोलावलं. समोर करड्या केसांचे एक परीक्षक, रेकॉर्डर, टेबलावर कोरा कागद आणि एक निळं पेन.

पहिला भाग जाहिरात वाचून माहिती विचारण्याचा. तो तिने हेल्पलाइनच्या जोरावर काढला. दुसऱ्या भागात परीक्षक मित्र होणार होते, आणि दुसऱ्या जाहिरातीतल्या कार्यक्रमाला यायला त्यांना पटवायचं होतं. दहा मिनिटं. कार्यक्रम: रविवारी पहाटे तळ्याकाठी पक्षी मोजणं.

चारुताने आमंत्रण दिलं. परीक्षक म्हणाले, रविवारी मी उशिरापर्यंत झोपतो.

चारुता म्हणाली, हवा छान असते. परीक्षक म्हणाले, मला पक्षी आवडत नाहीत.

दुसरा नकार. चारुताचं डोकं कोरं झालं. आतून फक्त मांजर आलं, टेबलाखाली. तिचा हात आपणहून निळ्या पेनाकडे निघाला. अर्ध्या वाटेत तिने तो हात पाहिला. वरच्या फळीवरचा रोल तिला आठवला, आणि लवली आठवला, ज्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं, पण जो या क्षणी तिच्या तंदूरपाशी उभा राहून रोटी जाळत होता. तिने पेन बोटाने ढकललं. ते घरंगळत टेबलाच्या पलीकडे, परीक्षकांच्या मांडीवर पडलं. तिने परीक्षकांकडे नीट पाहिलं. करडे केस, थोडी सुटलेली कॉलर, 'नको' म्हणताना किंचित मागे झुकलेली मान. हा माणूस तिने हजारदा पाहिला होता. हा पंगतीत बसून ताटावर हात आडवा धरणारा माणूस होता.

आणि अशा माणसाला चारुता बेहेरेने आजवर उपाशी उठू दिलं नव्हतं.

"असं काय," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "थोडेसेच मोजा."

"मला खरंच..."

"एकच पक्षी. माझ्यासाठी. बरं, अर्धा."

परीक्षक थबकले. अर्धा पक्षी त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत नव्हता.

"तुम्हाला माझा राग आलाय का? नाही? मग का नको? सकाळी गार वाटतं? मी गरम चहा आणते. भूक लागेल? मी पुऱ्या आणते. तुम्ही आला नाहीत तर मीही जाणार नाही. मग पक्षी कोण मोजणार? ते बिचारे वाट बघतील."

परीक्षकांचं काम दहा मिनिटं नाही म्हणण्याचं होतं. सातव्या मिनिटाला ते म्हणाले, "ठीक आहे, मी येतो." इथे परीक्षा संपायला हरकत नव्हती. पण पाहुणा हो म्हणाला म्हणून कुणी लगेच वाढणं थांबवत नाही. चारुताने उरलेल्या तीन मिनिटांत त्यांच्या बायकोलाही यायला लावलं.

निकाल आला. ऐकणं: बरोबर पाचवी पायरी, केसभर इकडेतिकडे झालं असतं तर चौथी. बोलणं: सातवी. पाजींनी ऑफर पाठवली, चारुताने अर्ज भरला, आणि मग एप्रिल गेला, मे गेला. पाजींचा दर आठवड्याला फोन यायचा, "लवली पूछ रहा है." चारुता म्हणायची, "उसको बोलो, जून अभी बाकी है." याच काळात अनिशचा ऑनलाइन कोर्स पूर्ण झाला. त्याला सर्टिफिकेटही मिळालं. डाळ अजून करपत होती.

पुढे जूनमधल्या एका मंगळवारी कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या बेतात काय झालं, ते आपल्याला ठाऊक नाही असं ठरलंच आहे. एवढं खरं की ती शिट्टी झाली, चौथी झाली, सहावी झाली, भाताची खीर झाली, आणि चारुता स्टुलावर चढून वरच्या फळीवरून चाकूंचा रोल काढत होती.

निकाल फोनवर कळवलेला होता, पण कागद दाखवायला ती सुवर्णाकाकूंकडे निघायच्या आदल्या दिवशी गेली. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला. बोलणं या शब्दापुढच्या सातवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथेच ठेवलं.

"हा कागद मजजवळ एक दिवस राहू देशील का?"

"काकू, ठेवा ना. पण कशाला?"

"भावास फोनवर दाखवीन. तो मजला अजून अठ्ठावीस म्हणतो."

सरेच्या ढाब्यात फ्रेंच अजून फारशी पसरलेली नाही. तंदूरवाला पंजाबीत बोलतो, भांडी घासणारा नेपाळीत, आणि लवली, जो आता गल्ला सांभाळतो, तो कुणाशीच बोलत नाही. तरी चारुता रोज सकाळी तंदूरला फ्रेंचमध्ये नमस्कार करते, कारण परमिट त्यासाठी दिलेलं आहे. पगार घेऊन केलेल्या पहिल्या दाल मखनीबद्दल एक गिऱ्हाईक म्हणालं की तुम्ही रेस्टॉरंट काढायला हवं. तिचा झारा जागचा हलला नाही.

दुपारी तीन ते पाच ढाबा बंद असतो. पहिल्या आठवड्यात एकदा त्या वेळात तिने कोपऱ्यातल्या टेबलावर कागद घेतला, निळं पेन काढलं, आणि न अडखळता लिहिलं:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
विद्यासदन कन्याशाळा, पुणे.

विषय: इयत्ता दहावीच्या फ्रेंच विषयातील जादा गुण परत करून अन्य उमेदवाराच्या नावे वर्ग करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मला सदर विषयात शंभरपैकी सत्त्याण्णव गुण देण्यात आले होते. त्या वेळी मला फ्रेंच येत नव्हती. आता येते, परंतु त्यात शाळेचा अथवा माझा दोष नसून श्रीमती सुवर्णा रामजी, राहणार कास्काव्हेल, मॉरिशस, हल्ली मुक्काम रेडमंड, यांचा आहे. त्यांना त्याच विषयात अठ्ठावीस गुण आहेत.

तरी माझ्या गुणांपैकी पस्तीस गुण उत्तीर्ण राहण्यापुरते माझ्याकडे ठेवून उर्वरित बासष्ट गुण श्रीमती रामजी यांच्या खात्यावर सन १९७५ पासून जमा करावेत, त्यांस नव्वद गुणांची सुधारित गुणपत्रिका द्यावी, आणि तिची एक प्रत त्यांच्या भावास परस्पर पाठवावी. सोबत पुराव्यादाखल फ्रिजच्या दाराचे एक रबर जोडले आहे. तपासणीनंतर ते परत मिळावे, ही नम्र विनंती.